बी विंग ग्रुप: लेमन बामचा चहा

वैशाली (४०३): गच्चीवरच्या कुंडीतली लेमन बामची पानं परवा ज्यांनी नेली त्यांनी सांगा, चहा कसा झाला?

देशपांडे काकू (१०२): कसला गं चहा! आलं घातलं, दूध घातलं, पाच मिनिटं खळाखळा उकळला. वासाचा पत्ता नाही. आमचे हे म्हणाले, पालकाचं पाणी दिलंस का?

वैशाली: काकू, तुम्ही गवती चहासारखा उकळलात 😀

निखिल (७०१): म्हणजे हा गवती चहा नाही? मी तेच समजून नेला.

वैशाली: नाही रे. दोन्हीत सिट्रल नावाचं सुगंधी द्रव्य असतं म्हणून वास लिंबाचा. गवती चहा गवतातला, पात चिवट, तिला उकळी मानवते. हा पुदिना-तुळशीच्या घरातला. देठ बोटांत फिरवून बघ, चौकोनी लागेल. पान पातळ आणि तेल उडून जाणारं. उकळलं की वास किचनभर, कपात काही नाही.

देशपांडे काकू: मग नीट मापाने सांग बाई.

वैशाली: कपभर पाणी उकळून गॅस बंद करायचा. दहा-बारा ताजी पानं हाताने फाडून टाका आणि लगेच झाकण. सात ते दहा मिनिटं उघडून बघायचं नाही! झाकणाच्या आतून जे थेंब लोंबतात ते कपातच झटका, वास त्यातच अडकलेला असतो. रंग जेमतेम पिवळसर येतो, फिकट दिसला म्हणून आणखी पानं ढकलू नका. सुक्या पानांचं युरोपातलं माप १५० मिलीला १.५ ते ४.५ ग्रॅम. दूध नको. मध चालेल, जरा निवल्यावर.

सेक्रेटरी: उद्या सकाळी १० ते १ पाणी बंद. टाकी धुणार आहेत. कृपया चहाच्या चर्चेत हा मेसेज हरवू नये.

सबनीस काका (३०१): रात्री झोप लागते का याने? माझी थायरॉईडची गोळी चालू आहे.

वैशाली: काका, मग डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. झोपेची गोळी घेणाऱ्यांनीही तसंच. मला जेवणानंतर घेतल्यावर जरा शांत वाटतं, पण ते औषध नव्हे.

निखिल: रोप कुठे मिळालं?

वैशाली: जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या फुलांच्या प्रदर्शनातून आणलं. एप्रिलच्या उन्हात पानांच्या कडा करपल्या, तेव्हापासून कुंडी टाकीच्या सावलीत आहे. फांदी पाण्याच्या ग्लासात ठेवली की मुळं फुटतात. फांदी मागा, मी देते. काल कोणीतरी शेंडाच कापून नेलाय. पानं खुडावीत, झाड नव्हे, ही नम्र विनंती.

सेक्रेटरी: गच्चीच्या दाराला कुलूप लावू का?

वैशाली: नको हो, मग पाणी कोण घालणार?

देशपांडे काकू: आत्ता केला, झाकून. ह्यांनी वास घेतला, लिंबू पिळलंस का म्हणाले. मग एक घोट घेतला आणि दूध घालायला विसरलीस म्हणून कप परत पाठवला. मीच प्यायले.