आईचा फोन खाडीत, नंबर बाबांच्या नावावर

मस्कतहून, गुहागरची

ओमानमधल्या सर्व कोकणी मंडळींना नमस्कार.

काल दुपारी आई माहेरून, दाभोळहून परत येत होती. फेरीबोट धोपाव्याच्या जेटीला लागायच्या बेतात होती. सुटे पैसे ठेवायला तिने पिशवी उघडली आणि फोन कठड्यावरून थेट वाशिष्ठीत गेला. आई सुखरूप आहे, हे आधी सांगते.

फोन दुसरा घेता येईल. पण नंबर बाबांनी घेतलेला, त्यांच्याच नावावर. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. आधार, बँक, गॅस, आईचं सगळं आम्ही त्याच नंबरला जोडलं आणि नाव बदलायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आज शेजारचे दादा तिला दुकानात घेऊन गेले होते. ज्यांच्या नावावर सिम आहे त्यांनी स्वतः यायला हवं, असं तिथल्या मुलाने सांगितलं. आई काही न बोलता उठली आणि घरी आली. रात्री शेजारच्यांच्या फोनवरून मला हे सांगताना तिचा आवाज बसला होता.

इथून काही करता येईल का? गणपतीसाठी रजा टाकलेलीच आहे, पण त्याला अजून तीन आठवडे आहेत.

---

सलालाहून, मालवणचा

ताई, बाबांचं आधार कार्ड घरात असेलच ना? ओळखीच्या दुकानदाराला ते दाखवून सिम काढून घ्या. दोन दिवसांत काम होईल.

---

सोहारहून, देवगडचे काका

तसं अजिबात करू नका. मालवणच्या पोराने आपुलकीने सुचवलंय, पण गेलेल्या माणसाच्या कागदांवर सिम काढणं म्हणजे तोतयेगिरी. २०२३च्या दूरसंचार कायद्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. आणि पोलीस ठाण्यात जाऊन उत्तरं द्यावी लागतील तुझ्या आईला.

सरळ मार्ग आहे. नंबर वारसाच्या नावावर करून घ्यायचा आणि मग त्या नावाने सिम. माझ्या वडलांच्या नंबराच्या वेळी कंपनीने मृत्यूचा दाखला, आईचं आधार कार्ड आणि आम्हा भावंडांचं संमतीपत्र मागितलं होतं. तू आणि भाऊ मिळून संमतीपत्र आजच सही करून पाठवा, म्हणजे तेवढ्यासाठी खोळंबायला नको. फोन गहाळ झाल्याची तक्रारही पोलिसांत द्या. ती प्रत पुढे कुठेही मागतात. आणि आईने कंपनीच्या मुख्य दुकानातच जावं, नाक्यावरच्या रिचार्जवाल्याकडे नको.

आता जे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं ते सांगतो. नवीन सिम चालू झालं तरी पहिले २४ तास त्यावर मेसेज जातही नाहीत आणि येतही नाहीत. फोन लागतो, पण ओटीपी नाही. आमच्या आईला वाटलं सिमच खराब आहे, आणि ती दुसऱ्या दिवशी पुन्हा एसटी धरून दुकानात गेली. हा नियम मुद्दाम केलेला आहे. भामटे दुसऱ्याच्या नावाने सिम काढून ओटीपी आपल्याकडे वळवतात. खऱ्या मालकाच्या फोनची रेंज अचानक गेली की त्याला संशय येतो, आणि तक्रार करायला त्याला एक दिवस मिळतो. यूपीआयही तोवर सुरू होत नाही, कारण नोंदणीच्या वेळी ते ॲप त्या सिमवरून स्वतः मेसेज पाठवतं. तेव्हा घरात चार पैसे आधीच काढून ठेवायला सांग. व्हॉट्सॲप मात्र लगेच चालू करता येतं. कोड मेसेजऐवजी फोनवर ऐकायचा पर्याय निवडायचा. सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही, तुम्हाला त्याची गरज नाही म्हणा.

फोन खाडीत गेला, म्हणजे कुणाच्या हाती लागला नाही. तेवढं समाधान. माझा चिपळूणच्या स्टँडवर गेला होता, तेव्हा खोक्यावरचा १५ आकडी आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख क्रमांक, आणि पोलिसांची प्रत देऊन 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर तो हँडसेट बंद करून घेतला होता. खोकी टाकून देऊ नका रे.

आणि या दिवसांत "केवायसी अपुरी आहे, ओटीपी सांगा" असा फोन आला, तर आईने ठेवून द्यावा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा.

---

मस्कतहून, गुहागरची

काका, तुमचे उपकार कसे मानू. काम झालं. गणपतीच्या आधी आठ दिवस निघून आले, कारण आईला एकटीला दुकानात पाठवायला मन धजेना.

कागद सगळे बरोबर होते. अडलं ते अंगठ्यावर. जन्मभर नारळ सोलून आणि कोकमं फोडून आईच्या बोटांवरच्या रेषा झिजल्यात. मशीन उजवा अंगठा घेईना, डावाही घेईना. दुकानातल्या मुलीने ओला रुमाल दिला. आईने एकेक बोट पुसलं, पदराने कोरडं केलं आणि पुन्हा टेकवलं. डाव्या हाताची अनामिका लागली तेव्हा त्या मुलीलाच माझ्यापेक्षा जास्त हायसं वाटलं. सही करताना आईने विचारलं, "म्हणजे आता ह्यांचं नाव निघणार का?" मी हो म्हटलं. ती थोडा वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नंबर तोच राहतोय ना?" आणि सही केली.

संध्याकाळी रेंज आली. मेसेज दुसऱ्या दिवशी आले, तुम्ही सांगितलं होतं तसेच.

परत आल्यावर संचार साथीवर माझ्या नावावरचे नंबर तपासले. सासूबाईंचा वेंगुर्ल्याचा नंबर माझ्या नावावर निघाला. आठ वर्षांपूर्वी मीच काढून दिला होता. उद्या मी इथे, आणि तिकडे त्यांचं सिम हरवलं तर दुकानात कोण जाणार? दिवाळीला जाते तेव्हा तो त्यांच्या नावावर करून देणार आहे. मंडळी, तुम्हीही आपापली यादी एकदा बघा, एवढीच विनंती.