चर्चा: प्रत्येक टोटल थायरॉइडेक्टॉमीला (संपूर्ण थायरॉइड काढण्याच्या ऑपरेशनला) इन्फ्रारेड कॅमेरा हवाच का?

गळपट्टी: मुद्दा असा. पॅराथायरॉइड म्हणजे थायरॉइडच्या मागे चिकटलेल्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथी. त्या सहसा चार, एकेकीचं वजन ३० ते ५० मिलिग्रॅम, आकार मसुराच्या दाण्याएवढा, रंग शेजारच्या चरबीहून जेमतेम तांबूस. थायरॉइड काढताना एखादी नकळत स्पेसिमनबरोबर (काढलेल्या भागाबरोबर) निघून जाते, नाहीतर तिची बारीक रक्तवाहिनी तुटते. मग कॅल्शियम उतरतं आणि दुसऱ्या दिवशी पेशंटच्या ओठांभोवती मुंग्या आणि बोटं आखडलेली. ७८५ नॅनोमीटरचा प्रकाश टाकला की या ग्रंथी काहीही न टोचता ८२० च्या आसपास आपोआप चमकतात, थायरॉइड त्यामानाने मंद दिसतं. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या गटाने हे २०११ मध्ये मांडलं. २०१८ मध्ये तिथल्या एफडीएने (औषधं-उपकरणांच्या नियामक संस्थेने) फ्लुओबीम हा कॅमेरा आणि पीटीआय हा टेकवून वापरायचा प्रोब, दोन्हींना परवानगी दिली. फ्रान्समधल्या तीन रुग्णालयांची २४१ पेशंटची चाचणी २०२० मध्ये छापून आली. तात्पुरतं कॅल्शियम उतरणं कॅमेऱ्यासह ९.१ टक्के, नुसत्या डोळ्यांनी २१.७. नकळत कापली गेलेली ग्रंथी २.५ टक्के विरुद्ध ११.७. माझ्या मते टोटलला हा कॅमेरा नेहमीचाच व्हायला हवा.

जुना_फोर्सेप: सर, तीच चाचणी पुढे वाचा. कायमचं कॅल्शियम उतरणं शून्य विरुद्ध १.६ टक्के, म्हणजे एवढ्या पेशंटमध्ये काही सिद्ध होत नाही. तात्पुरतं गोळ्यांवर निभावतं. आणि कॅमेरा फक्त "ही पॅराथायरॉइड" एवढंच सांगतो, ती जिवंत आहे का ते सांगत नाही. कापून ट्रेमध्ये ठेवलेलीसुद्धा तशीच चमकते! ग्रंथी वाचते ती कॅप्सूलला (थायरॉइडच्या आवरणाला) धरून डिसेक्शन केल्याने, इन्फिरियर थायरॉइड आर्टरीचं (खालच्या रक्तवाहिनीचं) खोड न बांधता तिच्या फांद्या थायरॉइडला अगदी लागून बांधल्याने. हाताला ते येत नसेल तर दिवा काय करणार?

गळपट्टी: ट्रेमधली चमकते हीच तर सोय आहे. निघालेली लोब (थायरॉइडची एक बाजू) ओल्या गॉजवर ठेवा, मागची बाजू वर करा, कॅमेरा फिरवा. ठिपका चमकला तर तिथून ग्रंथी सोडवून घ्या. कॅन्सरची केस असेल तर आधी एक चकती फ्रोझनला (ऑपरेशन चालू असतानाच्या तपासणीला) पाठवा, कारण मेटास्टॅटिक नोडही (कॅन्सर पसरलेली लसिकाग्रंथी) फसवू शकतो. मग थंड सलाइनमध्ये एक-एक मिलिमीटरचे तुकडे करून स्टर्नोमॅस्टॉइड या मानेच्या स्नायूतल्या खिशात बसवा आणि न विरघळणाऱ्या टाक्याने खूण ठेवा. ती लोब एकदा फॉर्मेलिनच्या डब्यात गेली की हे काहीच करता येत नाही.

हिरवा_गाऊन: ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) बाजूने थोडं. "कॅमेऱ्यात काही दिसत नाही" या तक्रारीत बऱ्याचदा दोष खोलीतल्या उजेडाचा असतो. ओटीचे दिवे नुसते मंद करून भागत नाही, जखमेवरून वळवा किंवा बंद करा. जुन्या हॅलोजनमधून इन्फ्रारेड भरपूर येतं, पडदा उघडा असेल तर उन्हातूनही. कॅमेरा साधारण वीतभर उंचीवर धरा. जखम आधी ओल्या गॉजने टिपून घ्या, कारण रक्ताचा थर चमक झाकतो. उजेड शिरतो काही मिलिमीटरच, त्यामुळे चरबीखाली दडलेली ग्रंथी तो थर अलगद बाजूला केल्याशिवाय दिसणार नाही. उलट कॉटरीने (विजेच्या डागणीने) जळलेला भाग, तपकिरी चरबी आणि कोलॉइडने (थायरॉइडमधल्या चिकट द्रवाने) भरलेली गाठ या ग्रंथी नसूनही चमकतात. बघायच्या वेळा तीन: लोब आतल्या बाजूला वळवल्यावर काहीही बांधण्याआधी, लोब निघाल्यावर रिकाम्या जागेत आणि मग स्पेसिमनवर. पहिलीच वेळ चुकवली तर उरलेल्या दोनमध्ये फक्त पंचनामा होतो.

प्रोबला दिवे घालवावे लागत नाहीत. पण आधी थायरॉइडवर पाच जागी टेकवून बेसलाइन घ्यावी लागते, आणि त्याच्या १.२ पट किंवा जास्त आलं तरच ग्रंथी धरायची. प्रोब जिथे टेकवाल तिथलंच सांगतो, सगळं शेत दाखवत नाही.

रक्तधार: जिवंत आहे का, या फोर्सेप सरांच्या प्रश्नाला उत्तर आहे: आयसीजी, म्हणजे इंडोसायनीन ग्रीन हा रक्तप्रवाह दाखवणारा रंग. २५ मिलिग्रॅमची व्हायल सोबतच्या १० मिली निर्जंतुक पाण्यात, सलाइनमध्ये नाही. त्यातलं १ ते २ मिली शिरेतून. एक-दोन मिनिटांत ग्रंथीत रंग भरतो: अजिबात नाही तर ०, अर्धवट १, पूर्ण पांढरी २. जिनिव्हाच्या २०१८ च्या चाचणीत किमान एक ग्रंथी २ गुणांची असलेल्या १४६ जणांपैकी एकालाही नंतर हायपोपॅराथायरॉइडिझम (पॅराथायरॉइडचं काम कमी पडणं) झाला नाही. पण आयसीजीने ग्रंथी *शोधायला* जाऊ नका, रक्ताने भरलेलं थायरॉइडही लख्ख पेटतं. क्रम कधी उलटू नका: आधी स्वतःची चमक, मग आयसीजी. एकदा टोचलं की मूळची मंद चमक त्यात बुडून जाते. आयोडाइडची ॲलर्जी विचारून घ्या.

जुना_फोर्सेप: आयसीजीला माझा विरोध नाही. पित्ताशयासाठी घेतलेला टॉवर (दुर्बिणीच्या ऑपरेशनचा कॅमेरा-संच) बऱ्याच ठिकाणी आहेच. फक्त त्यावर आयसीजी दिसतं म्हणून ग्रंथीची स्वतःची चमकही दिसेल असं गृहीत धरू नका, ती कितीतरी मंद असते. विकत घेण्याआधी स्पेसिमनवर डेमो मागा.

डायलिसिसवाला: इथे सगळे निरोगी ग्रंथींबद्दल बोलताहेत. सेकंडरी हायपरपॅराथायरॉइडिझममध्ये (उदा. किडनी बिघडल्यामुळे या ग्रंथी वाढतात तेव्हा) चमक फिकी असते. ॲडिनोमात (पॅराथायरॉइडच्या साध्या गाठीत) ती डागाडागांची असते, कधी कडेची नॉर्मल किनारच जास्त उजळ दिसते. तिथे "चमकत नाही, म्हणजे पॅराथायरॉइड नाही" असं म्हणून गाठ सोडली तर पुन्हा उघडावं लागेल. ॲडिनोमा निघाल्यावर १० मिनिटांत रक्तातलं पीटीएच (पॅराथायरॉइडचं हॉर्मोन) ५० टक्क्यांहून जास्त उतरलं का, तोच निकाल. (इंग्लिश शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेनला ही ग्रंथी पहिल्यांदा दिसली ती लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या भारतीय गेंड्यात. माणसात ती स्वीडनच्या सँडस्ट्रॉमने १८८० मध्ये दाखवली. दोघांकडे नुसते डोळेच होते, पण गेंडा मोठा होता.)

गळपट्टी: रिडू (तिथेच दुसऱ्यांदा ऑपरेशन) आणि सेंट्रल नेक डिसेक्शनला (मानेच्या मधल्या भागातल्या लसिकाग्रंथी काढण्याला) तरी मान्य कराल?

जुना_फोर्सेप: रिडूला मान्य, तिथे व्रणात काहीच ओळखू येत नाही. सेंट्रल नेकलाही, खालच्या ग्रंथी तिथेच जातात. पहिल्यांदाच होणाऱ्या साध्या गॉयटरला (वाढलेल्या थायरॉइडला) नाही. आणि शिकणाऱ्या हातात तो आधी देऊ नका. आधी डोळ्यांनी ओळखायची, चिमट्याच्या टोकाने दाखवायची, मगच दिवे घालवायचे.

हिरवा_गाऊन: चालेल. फक्त ते "मगच" लोब बांधून झाल्यावर येऊ नये.