मदत हवी आहे: लायसोझाइम उलगडतानाचे सीडी आणि फ्लुरोसन्सचे आकडे जुळत नाहीत

नमस्कार. मी एम.एस्सी. जीवरसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टचा विषय दिसायला साधा आहे: अंड्याच्या पांढऱ्या भागातलं लायसोझाइम हे प्रथिन तापवलं की त्याची घडी कितव्या अंशाला उलगडते आणि थंड केल्यावर ती परत बसते का.

आमच्या कॉलेजात यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि एक जुना फ्लुरोमीटर (प्रथिन उजेड पडल्यावर स्वतः जो प्रकाश बाहेर टाकतं तो, म्हणजे फ्लुरोसन्स, मोजणारं यंत्र) आहे. सीडीसाठी (वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश वापरून प्रथिनाची घडी बघण्याची पद्धत) दुसऱ्या जिल्ह्यातल्या विद्यापीठात तासावर पैसे भरून जावं लागतं. मागच्या आठवड्यात पहिला स्लॉट मिळाला, पुढचा तीन आठवड्यांनी आहे. तोवर इथे बसून काय काय निस्तरता येईल ते ठरवायचंय, म्हणून तपशिलात लिहिते.

पावडर वजन करून ०.२ मिग्रॅ प्रति मिली द्रावण केलं, पीबीएसमध्ये (मीठ घातलेलं फॉस्फेट बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण). ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलं. क्युव्हेट (द्रावण ठेवायची छोटी पेटी) क्वार्ट्झची, १ मिमीची. नुसत्या बफरचा आलेख वजा केला आहे.

१. आलेख वरून खाली येताना २०८ नॅनोमीटरला दरी आणि २२२ला खांदा स्वच्छ दिसतो. पण २००च्या खाली नुसत्या रेघोट्या, आणि डिटेक्टरचं व्होल्टेज ७००च्या पुढे. घडीत हेलिक्स (मळसूत्री भाग) किती, शीट (पट्टीसारखा भाग) किती हे काढणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र १९०पर्यंतचा डेटा हवा आहे.

२. २२२ला उणे ११ मिलिडिग्री मिळाले. प्रत्येक अमिनो आम्लामागे हिशोब केला तर उणे ६,१५० येतात. वाचलेल्या शोधनिबंधांत उणे ९,०००च्या आसपास आहे. म्हणजे एक तृतीयांश हेलिक्स गेलं कुठे? बाटली जुनी आहे, प्रथिन आधीच बिघडलं असेल का, या विचाराने दोन रात्री झोप नाही.

३. २२२वर धरून मिनिटाला १ अंश तापवलं तर मध्यबिंदू, म्हणजे अर्धं प्रथिन उलगडलेलं असतं ते तापमान, ७४ अंश. फ्लुरोमीटरवर २८० नॅनोमीटरच्या प्रकाशाने उद्दीपित करून ३४०ला बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची तीव्रता मोजली, तर ती २० अंशांपासूनच सरळ उतरत जाते आणि ७८-७९च्या सुमारास जेमतेम वाकते. प्रथिन एकच, मग दोन उत्तरं कशी? शिवाय ९० अंशांवरून परत आणल्यावर सीडीचा सिग्नल पूर्ण परतला नाही.

गाईड म्हणतात ७४ लिहून मोकळी हो. मला तसं करवत नाही.

प्रतिसाद १

ताई, माझी बरीच वर्षं सीडीच्या यंत्रासमोर गेली आहेत. तुमचं प्रथिन बिघडलंय असं मानण्याआधी द्रावणात ते खरंच किती आहे ते मोजा. सीडीत सर्वांत जास्त चुका इथेच होतात, यंत्रात नाही. पावडरीत मीठ असतं, ओलावा असतो, गाळताना थोडं फिल्टरला चिकटतं. वजनाचा आकडा हा फक्त अंदाज. लायसोझाइमचं १ मिग्रॅ प्रति मिली द्रावण १ सेंमी क्युव्हेटमध्ये २८० नॅनोमीटरला सुमारे २.६४ शोषण दाखवतं. म्हणजे तुमचं ०.२ असेल तर ०.५३ यायला हवं. गाळलेलंच द्रावण मोजा. हिशोबात एकाग्रता (द्रावणात प्रथिन किती) छेदात असते, त्यामुळे ती तिथे फुगली की हेलिक्स आपोआप कमी दिसतं.

२००च्या खालच्या रेघोट्या मिठाच्या. क्लोराइड तिथला प्रकाश गिळतं, डिटेक्टरपर्यंत काही पोचतच नाही, म्हणून यंत्र व्होल्टेज वाढवत बसतं. ७००च्या पुढचा भाग फेकलाच पाहिजे, त्यावर सॉफ्टवेअर चालवू नका. पुढच्या वेळी १० मिलिमोलर फॉस्फेट न्या. आयनिक तीव्रता (द्रावणात मिठासारख्या आयनांचं प्रमाण) हवीच असेल तर सोडियम सल्फेट किंवा फ्लोराइड. फ्लोराइड आम्लधर्मी बफरमध्ये मात्र अजिबात नको, हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं.

फ्लुरोसन्सबद्दल: प्रथिनातल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या प्रकाशाची तीव्रता नुसत्या तापमानानेही घटते, घडी जागेवर असली तरी. तुम्ही जो उतार पाहिलात तो बहुतेक तोच. २९५ने उद्दीपित करा म्हणजे टायरोसिन हे दुसरं अमिनो आम्ल मध्ये येणार नाही, दर तापमानाला ३१० ते ४०० पूर्ण आलेख घ्या आणि ३५० भागिले ३३० हे गुणोत्तर मांडा. ट्रिप्टोफॅन पाण्याला उघडा पडला की शिखर लांब तरंगलांबीकडे सरकतं. उलगडणं त्या सरकण्यात दिसतं. आणि तुमच्या फ्लुरोमीटरला वॉटरबाथ जोडला असेल तर त्याच्या डिस्प्लेवर विसंबू नका. क्युव्हेटमध्ये थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बुडवून बघा.

प्रतिसाद २

बफर बदलायला डायलिसिस (प्रथिन सच्छिद्र नळीत ठेवून लहान रेणू बाहेर जाऊ देणं) करणार असाल तर नळी बघून घ्या! लॅबमध्ये सहसा १२-१४ किलोडाल्टनपर्यंतचे रेणू बाहेर सोडणारी पडून असते आणि लायसोझाइम १४.३चं आहे. आमचं अर्धं प्रथिन असंच बीकरमध्ये गेलं होतं. ३.५ची नळी वापरा.

सिग्नल पूर्ण न परतण्याबद्दल: थंड झालेल्या नमुन्याचं ३५०ला शोषण घ्या. तिथे लायसोझाइम काही शोषत नाही, म्हणून आकडा वाढला तर गुठळ्या झाल्यात. ९० अंशांवर जितका वेळ ठेवाल तितकं नुकसान वाढतं. उलगडणं परतीचं नसेल तर त्या आलेखातून एन्थाल्पी (उलगडायला लागणारी उष्णता) वगैरे काढू नका, फक्त ‘या वेगाने तापवताना दिसलेला मध्यबिंदू’ एवढंच म्हणा. पीएच ४ला गुठळ्या कमी होतात.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल आणि आज बसून हे केलं.

उरलेल्या गाळलेल्या द्रावणाचं २८०ला शोषण ०.३६ आलं. म्हणजे ०.२ नाही, ०.१३६! तो आकडा घालून हिशोब केला तर उणे ९,०४०. प्रथिन शाबूत आहे. हे कळल्यावर लॅबमध्येच खुर्चीत बसून राहिले थोडा वेळ.

वॉटरबाथवर ७९ असताना क्युव्हेटमध्ये ७४.५ होतं. गुणोत्तर मांडल्यावर वळण स्पष्ट आलं आणि मध्यबिंदू, खऱ्या तापमानावर, ७४ आणि ७५च्या मध्ये.

तापवून थंड केलेल्या नमुन्याचं ३५०ला शोषण ०.०१वरून ०.०७वर गेलं आहे, म्हणजे गुठळ्या आहेतच. पुढच्या स्लॉटला पीएच ४वर जाईन, ८५ला थांबून लगेच परत आणेन. एकच विचारायचं राहिलं: तिथे ॲसिटेट बफर चालेल का? मला तापवताना फक्त २२२च बघायचं आहे, १९०पर्यंत जायचं नाही.

प्रतिसाद १

२२२साठी चालेल, १० मिलिमोलरच ठेवा. कोऱ्या बफरचं व्होल्टेज आधी बघून घ्या. आणि पीएच ४चा मध्यबिंदू फॉस्फेटमधल्या ७४शी थेट ताडून पाहू नका. फ्लुरोसन्सही त्याच नव्या बफरमध्ये परत घ्या.