कार्बनला भाव लावला की विजेचा बाजार आपोआप सुधारतो का?

बाजारपंथी: कार्बनला, म्हणजे कार्बनच्या उत्सर्जनाला, योग्य भाव लावावा, पवन आणि सौर प्रकल्पांचे हमीभाव रद्द करावेत आणि बाकी सगळे बाजारावर सोडावे. इतके सोपे असताना धोरणकर्ते उगाच रचनेवर रचना चढवत बसतात.

तारतम्य: ‘इतके सोपे’ हे शब्द वाचून राहवले नाही. घाऊक बाजारात मागणी भागवणारा शेवटचा वीजनिर्मिती संच सर्वांचा भाव ठरवतो. तो कोळशाचा किंवा वायूचा असेल तरच कार्बनचा खर्च विजेच्या भावात उतरतो आणि पवन-सौर प्रकल्पांना त्याचा लाभ होतो; पण भर दुपारी सौर विजेनेच मागणी भागू लागली की भाव शून्याजवळ येतो, आणि मग कार्बन टनाला 10 युरो असो वा 100, त्या तासांत सौर प्रकल्पाच्या हाती काहीच पडत नाही. असे प्रकल्प वाढतील तसे हे तासही वाढतील. शिवाय युरोपात 2007 मध्ये प्रत्येक टन उत्सर्जनामागे लागणाऱ्या परवान्यांचा, म्हणजे कार्बनचाच, भाव शून्याला टेकला होता. अशा भावाच्या भरवशावर दीर्घ मुदतीचे कर्ज कोण देणार?

निवृत्त पाळीप्रमुख: शून्याचे कसले कौतुक, उण्या भावाचे बोला! मी नियंत्रण कक्षात असताना सुट्टीच्या दिवशी मागणी कोसळायची, भाव उणे व्हायचा, तरी काही पवन प्रकल्प उत्पादन थांबवत नसत, कारण प्रत्येक युनिटमागे मिळणाऱ्या अनुदानामुळे पदरचे पैसे देऊन वीज विकणेही त्यांना परवडत असे. फोनवर विनवण्या आम्ही करायच्या आणि हरित म्हणून मिरवायचे त्यांनी.

बाजारपंथी: म्हणजे दोष अनुदानाचाच. माझे काम आपण सोपे केलेत.

औष्णिक: पाळीप्रमुखांच्या आठवणीत कोळशाचे संच सोयीस्करपणे गायब आहेत. संच थंड करून पुन्हा पेटवण्यापेक्षा काही तास उण्या भावात चालवणे स्वस्त पडते, म्हणून तेही किमान भाराखाली उतरत नाहीत. तेव्हा त्यांनाही विनवण्या करत होतात का?

निवृत्त पाळीप्रमुख: संच पेटवणे म्हणजे दिव्याचे बटण दाबणे नव्हे. ज्यांनी बॉयलर जवळून पाहिलेला नाही त्यांनी मला शिकवू नये.

तारतम्य: बॉयलरचा मान राखूनही मुद्दा उरतोच, की दोष आधाराचा नसून तो युनिटमागे देण्याच्या पद्धतीचा आहे. ब्रिटनने फरक-करारांच्या (ठरलेला भाव आणि बाजारभाव यांतील फरक भरून देणाऱ्या हमीच्या करारांच्या) पुढच्या फेऱ्यांत उण्या भावाच्या काळातील भरपाईच बंद केली.

बाजारपंथी: त्याच ब्रिटनने 2013 मध्ये कार्बनला किमान भाव लावला आणि 2024 मध्ये तिथले शेवटचे कोळसा केंद्र बंद झाले. हे श्रेयही करारांनाच देणार?

तारतम्य: कोळसा हटवण्याचे बरेचसे श्रेय कार्बनच्या भावाला जाते, हे मला नाइलाजाने मान्य आहे. पण समुद्रातील पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या हमीच्या करारांवर.

बाजारपंथी: ठीक आहे, करार ठेवा, फक्त त्याला बाजार म्हणू नका.