दोन मुदती, दोन टर्म की दोन पंचवार्षिक?

शाईची दौत
एका मासिकासाठी न्यूयॉर्क शहराच्या कारभारावरचा लेख मराठीत करतेय. त्यात मी लिहिलं, 'महापौरपदाला सलग दोन मुदतींची मर्यादा आहे.' (इंग्रजीत 'टर्म लिमिट', म्हणजे लागोपाठ दोनदाच निवडून येता येतं. पण इंग्रजी 'टर्म' मला टाळायचाय.) आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, 'म्हणजे दोनदा मुदत वाढवून देतात का?' तिच्या डोक्यात मुदत म्हणजे कर्जफेडीची, नाहीतर मुदत ठेवीची. मग 'कार्यकालमर्यादा' करून पाहिलं. ते तर 'कालमर्यादेत काम पूर्ण करावे' या सरकारी वाक्यासारखं वाटतं, जणू महापौरांना कुठलं तरी काम संपवायला तारीख दिलीय. लेखात हा शब्द पंधरा-वीस वेळा येतो, त्यामुळे दर वेळी समजावून सांगणं शक्य नाही. तुम्ही काय म्हणाल?

नदीकाठचा
ताई, आमच्याकडं मुदतही म्हणत नाहीत आणि कार्यकालही नाही. सरळ 'पंचवार्षिक' म्हणतात. 'मागच्या पंचवार्षिकला आबा सरपंच होते', 'त्यांनी दोन पंचवार्षिक काढल्या', 'ह्या पंचवार्षिकला बाईचं आरक्षण पडलं'. निवडणुकीलाही पंचवार्षिक आणि त्या पाच वर्षांनाही पंचवार्षिक. तेव्हा 'दोन पंचवार्षिकची अट' लिहा, शेतकऱ्यालाही कळेल.

ळकार
पंचवार्षिक हे विशेषण आहे. पंचवार्षिक काय? योजना, निवडणूक, पाहणी. नाम गाळून नुसतं विशेषण उरलं की भाषा ढिली होते. 1951 पासून पंचवार्षिक योजनांचा गजर कानावर पडत राहिला, त्यातून हा शब्द गावापर्यंत पोचला असावा. दुसरं म्हणजे 'कार्यकाल' हिंदी वळणाचा आहे. मराठीत 'काळ' आहे, तर 'कार्यकाळ' लिहा. उन्हाळा, पावसाळा, दुष्काळ लिहिणाऱ्यांनी इथेच ळ का सोडायचा?

नदीकाठचा
योजनेतून नाही. निवडणूक पाच वर्षांनी येते म्हणून. आमच्या आजीला योजना आयोग माहीत नव्हता, पण कुठली पंचवार्षिक कुणी जिंकली ते तोंडपाठ होतं. आणि विशेषणाचं नाम होतंच की. 'मासिक' काय आहे? ताई ज्यासाठी लिहितायत तेच!

निवृत्त ग्रामसेवक
ळकार साहेब, 'काळगणना' म्हणत नाही आपण, 'कालगणना' म्हणतो. कालवश, कालबाह्य, कालावधी. संस्कृत समासात ल राहतो, त्यात हिंदीचा काय दोष?
नोकरीची बावीस वर्षं ग्रामपंचायतींत गेली. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आजी-माजी सरपंचांचा फलक असतो. निळ्या ऑइलपेंटवर पांढरी अक्षरं, अनुक्रमांक, नाव, मग 'कार्यकाल' आणि त्याखाली दोन रकाने, 'पासून' आणि 'पर्यंत'. एका गावी एकाच माणसाचं नाव लागोपाठ तीनदा होतं. पेंटरनं दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत नावाऐवजी दोन टिंबं देऊन काम भागवलं होतं. गावकऱ्यांनी भांडून पूर्ण नाव लिहून घेतलं. प्रत्येक वेळी मत दिलंय, ते नावानिशी दिसायला हवं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं होतं.
आता मुदतीबद्दल. आमच्या कागदांत मुदत असते ती संस्थेची. पंचायतीची मुदत पहिल्या सभेपासून पाच वर्षं, हे तर घटनेतच आहे. मुंबई महापालिकेची मुदत 2022 च्या मार्चमध्ये संपली, मग प्रशासक आला. माणसाची मुदत कुणी म्हणत नाही. माणसाचा कार्यकाल असतो नाहीतर कारकीर्द. म्हणून तुमच्या आईंना ते खटकलं, ताई. कान बरोबर आहे त्यांचा.

पूर्वकिनारा
मी न्यू जर्सीत राहतो, नोकरी न्यूयॉर्कमध्ये. शब्दाआधी नियम नीट बघा, कारण शब्द चुकला तर नियमही चुकतो. 1993 साली तिथल्या मतदारांनी सार्वमतानं दोन खेपांची अट घातली. 2008 मध्ये शहराच्या 51 सदस्यांच्या परिषदेनं 29 विरुद्ध 22 मतांनी स्वतःच ती तीन केली. तेव्हाचे महापौर ब्लूमबर्ग 2009 मध्ये तिसऱ्यांदा उभे राहिले आणि जिंकले. 2010 च्या सार्वमतात लोकांनी ती पुन्हा दोनवर आणली. आता 2008 च्या त्या निर्णयाला मराठीत कुणीही पटकन 'मुदतवाढ' म्हणेल, आणि ते साफ चूक होईल. मुदतवाढ म्हणजे निवडणूक न घेता खुर्चीत बसून राहणं. इथे निवडणूक झाली, उभं राहण्यावरची बंदी तेवढी सैल केली. परिषदेनं लोकांना न विचारता ते केलं याचा मला आजही राग आहे, पण मुदतवाढ ती नव्हे.
दुसरं, तुमचं 'सलग' फार महत्त्वाचं आहे, ते काढू नका. दोन पूर्ण खेपांनंतर एक खेप बाहेर राहिलं की माणूस परत उभा राहू शकतो. जन्मभराची बंदी नाही.

शाईची दौत
तुम्ही सहज 'खेप' लिहून गेलात! हा मला सुचलाच नव्हता.

पूर्वकिनारा
आमच्या घरी 'तिसऱ्या खेपेस निवडून आले' असंच म्हणत. मूळ संस्कृत 'क्षेप' असावं.

ळकार
खेप म्हणजे फेरी. पाण्याच्या खेपा, विटांच्या खेपा. गाडी भरून नेली, रिकामी आणली. पदाला ते शोभत नाही. कारकीर्द घ्या.

नदीकाठचा
कारकीर्द फारसी चालते आणि टर्म इंग्रजी चालत नाही, असं कसं? शिवाय कारकीर्द राजाची. पाच वर्षं सरपंच झालेल्याची कारकीर्द म्हटलं की गावानं त्याला गादीवर बसवल्यासारखं होतं. आई-आजी पाण्याच्या खेपा करायच्या, ते लोकांचंच काम होतं. सरपंचानं तसंच काम करावं, म्हणून मला खेपच आवडली.

खातेपुस्तक
एका नागरी सहकारी बँकेत नोकरी करते. आमच्याकडे हाच घोटाळा झाला होता. संचालकांनाही अशी अट आहे. बँकिंग नियमन कायद्याच्या 2020 च्या दुरुस्तीनं ती सहकारी बँकांना लागू झाली, तेव्हा सलग आठ वर्षं होती, 2025 पासून दहा आहेत. बँकेच्या सूचनाफलकावर 'संचालकांची कालमर्यादा' अशी ओळ लागली. सभासद काउंटरवर येऊन विचारायला लागले, 'कालमर्यादा कशाची? अर्ज कधीपर्यंत भरायचा?' एक आजोबा तर पासबुक घेऊन घाईघाईनं रिक्षानं आले, त्यांना वाटलं केवायसीची शेवटची तारीख आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही ती ओळ काढून लिहिलं, 'सलग दहा वर्षे संचालक राहिलेल्या व्यक्तीस लगेच पुन्हा संचालक होता येणार नाही.' मग कुणी विचारायला आलं नाही. मराठीत क्रियापद वापरलं की माणसाला कळतं, नाम जोडत गेलं की अडतं. आणि बघा, आमची अट वर्षांत मोजतात, न्यूयॉर्कची खेपांत. दोन्हीला एक शब्द कसा पुरेल?

निवृत्त ग्रामसेवक
अगदी बरोबर. मला तर वाटतं, सरपंच-नगरसेवकांना अशी अट आपल्या कायद्यात नाहीच, म्हणून शब्दही तयार झाला नाही. आपल्याकडे माणूस बदलतो तो फिरत्या आरक्षणानं. पद महिलेसाठी राखीव झालं की मालक घरी आणि मालकीणबाई खुर्चीवर. त्यातून 'सरपंचपती' हा शब्द मात्र लगेच आला. गरज लागली की लोक शब्द घडवतातच.

नदीकाठचा
आणि 'सव्वा-सव्वा'! 'दोघांचं सव्वा-सव्वा वर्षाचं ठरलंय.' पंचायत समितीत सभापतिपदाची अडीच वर्षं दोन गटांत वाटून घेतात ना. हाही शब्द ताईंच्या यादीत हवा.

ळकार
सव्वा हे संख्याविशेषण. तेही नाम नव्हे.

शाईची दौत
लेख काल पाठवला. पहिल्यांदा खातेपुस्तक ताईंसारखं पूर्ण वाक्य दिलं, 'लागोपाठ दोनदा महापौर झालेल्याला लगेच तिसऱ्यांदा उभं राहता येत नाही', आणि पुढे सगळीकडे 'दोन खेपांची अट'. आई म्हणाली, आता कळलं. फक्त एक राहिलं. तिथल्या महापौराकडे सगळा कारभार असतो, आपल्याकडे तो आयुक्ताकडे. मग त्याला 'महापौर' म्हणणं बरोबर आहे का?

ळकार
'महापौर' सावरकरांनी घडवलेला शब्द. त्याला हात लावू नका.

नदीकाठचा
हात कोण लावतंय? ताई विचारतायत ते कामाबद्दल. आयुक्त म्हटलं तर तो निवडून आलेला वाटणार नाही.

निवृत्त ग्रामसेवक
'नगराध्यक्ष' चालेल का? तो थेट लोकांतून निवडून येतो.

ळकार
नगराध्यक्ष नगरपरिषदेचा. न्यूयॉर्क नगरपरिषद आहे का?