शब्दचर्चा: अंग ‘आखडतं’, ‘अवघडतं’ की ‘आंबतं’?

नाचणी:
एका अनुवादात अडकले आहे. अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस म्हणजे कण्याच्या सांध्यांचं दुखणं, त्याच्या रुग्णांसाठीची प्रश्नावली आहे. १९९४ सालची, इंग्लंडमधल्या बाथ शहराचं नाव असलेली. प्रश्न सहाच, प्रत्येकाला ० ते १० गुण. थकवा, मान-पाठ-खुब्याचं दुखणं, बाकीच्या सांध्यांची सूज, हात लावल्यावर होणारा त्रास, इथपर्यंत मराठी भराभर आलं. शेवटचे दोन प्रश्न ‘मॉर्निंग स्टिफनेस’चे, म्हणजे सकाळी उठल्यावर सांधे सहज न हलण्याचे. किती असतो, आणि जाग आल्यापासून किती वेळ टिकतो. आधीच्या मसुद्यात ‘सकाळचा ताठरपणा’ असं लिहिलं होतं. मामाला वाचायला दिलं तर त्याने विचारलं, “ताठरपणा कुणाच्या वागण्यातला?”

हे नुसतं कामापुरतं नाही. मी २७ वर्षांची आहे आणि तेविसाव्या वर्षापासून हेच दुखणं माझ्या अंगात आहे. पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेले तेव्हा मी म्हणाले होते, “सकाळी अंग आंबलेलं असतं.” त्यांनी काम विचारलं. बसून, म्हटलं. “व्यायाम नाही म्हणून होतं. गादी बदला.” गादी बदलली. दोन वर्षं तशीच गेली. मग दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, “हिंडल्या-फिरल्यावर वाढतं की कमी होतं?” तिथून पुढे सगळं कळत गेलं. तेव्हापासून वाटतं, मी पहिल्या खेपेला शब्दच चुकीचा वापरला का? मग बरोबर कोणता?

कऱ्हाकाठ:
चुकलाच. अंग आंबतं ते राबल्यावर. दिवसभर भांगलून, ऊस भरून, लग्नघरात चार दिवस उभं राहून. त्याच्यामागे आदल्या दिवसाचं काम असतं. दिवे घाट चढून पालखी सासवडला येते, त्या रात्री वारकरी म्हणतात “पिंढऱ्या भरल्यात”, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणतात “अंग आंबलंय”. लहानपणापासून ऐकतोय. तुमचं जे आहे ते आखडणं. थंडीत बसलेला बैल उठला की पहिली चार-सहा पावलं आखडतच टाकतो, मग नीट चालायला लागतो. त्याने काम काहीच केलेलं नसतं, रात्रभर बसूनच असतो.

पेठकर:
आखडणं हे हिंदीच्या ‘अकडना’वरून आलेलं दिसतं. आपला शब्द अवघडणं. मान अवघडली, पाठ अवघडली. सरळ तो घ्या.

कऱ्हाकाठ:
मग ‘आखडता हात घेणं’ हेही हिंदीतून आलं का? दोन भाषांत सारखा शब्द दिसला की एकीने दुसरीकडून उचललाच असं होत नाही, चुलत बहिणीही असतात. शिवाय अर्थ वेगळे. तिकडे अकडना म्हणजे ताठणं, ऐट करणं. आपल्याकडे आखडणं म्हणजे आत ओढून घेणं. थंडीत पाय आखडून झोपतो की नाही?
आणि अवघडणं एका जागी, एका बाजूने राहिल्यामुळे होतं. पंगतीत तासभर मांडी घालून बसलात, एसटीत मूल मांडीवर घेऊन आलात, तर पाय अवघडतो. उठून झटकला की दोन मिनिटांत बरा. त्याच्यासाठी कुणी दवाखान्यात जात नाही. आणि ‘अवघडलेली’ म्हणजे दिवस भरत आलेली बाई, हेही लक्षात ठेवा. तरुण मुलींच्या हातात देण्याच्या कागदावर तो शब्द नको.

शुद्धमती:
चर्चा बोलीकडे वाहवत चालली आहे. प्रश्न वैद्यकीय आहे आणि गुण द्यायचे आहेत, म्हणजे नाम हवं आणि ते राज्यभर एकच हवं. ‘ताठरता’ घ्या. आज कानाला खटकली तरी वापरून रुळेल. ‘रक्तदाब’ असाच रुळला. परंपराच हवी असेल तर माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात आमवाताच्या, म्हणजे सांधे धरणाऱ्या आजाराच्या, वर्णनात गात्र ‘स्तब्ध’ होतं असं म्हटलं आहे. हाच त्रास, नेमका याच अर्थाने, इतक्या जुन्या काळी नोंदवलेला. ‘स्तब्धता’ का नको?

उंबरठा:
कारण आज स्तब्ध म्हटलं की श्रद्धांजलीला दोन मिनिटं उभी राहिलेली माणसं दिसतात. मूळ खरं आहे, वाचून आनंद झाला, पण शब्द तिथून केव्हाच निघून गेलाय.
माझी आजी वाईची. डिसेंबरात पहाटे उठली की म्हणायची, “बोटं थिजलीत गं.” चुलीपाशी हात धरून बसायची आणि थोड्या वेळाने, “सुटली.” तूप जसं थिजतं नि ऊब लागली की सुटतं, तसं. नाचणी, तुम्हाला शेकल्याने बरं वाटतं का? वाटत असेल तर यापेक्षा चांगला शब्द मला माहीत नाही.

वऱ्हाडवाट:
आमच्या अमरावतीकडे मान धरते, कंबर धरते, आंगच धरते. धरणं कोणीच कसं घेतलं नाही अजून? सांधा धरला आन् सुटला. लहान पोराला पण समजते.

जिमखाना:
आंबण्याबद्दल एक सांगू का? स्नायूंना जास्त काम पडलं की त्यांत लॅक्टिक आम्ल साचतं. आम्ल म्हणजे आंबट, म्हणून अंग ‘आंबलं’. आपल्या लोकांना हे प्रयोगशाळेशिवाय कळलं होतं, याचं मला फार अप्रूप वाटतं. लेग डेच्या दुसऱ्या दिवशी जिना उतरताना दरवेळी आठवतं.

निरगुडी:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. जिमखाना, ही व्युत्पत्ती मीही कॉलेजात ऐकली होती, पण ती टिकत नाही. व्यायामात तयार झालेलं ते आम्ल तासा-दीड तासात स्नायूंतून निघून जातं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे दुखतं ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांमुळे. आणि हे आम्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७८० साली आंबलेल्या दुधातून वेगळं काढलं. ते स्नायूंतही असतं हे त्यानंतर, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्झेलियस या दुसऱ्या रसायनशास्त्रज्ञाला दिसलं. राबणाऱ्या माणसाने हा शब्द भिजवून ठेवलेल्या पिठावरून घेतला असावा असं मला वाटतं. फार वेळ राहिलं की त्यातला दम जातो, तसं.

नाचणी, तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न अगदी बरोबर होता. पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेली, तीन महिन्यांहून जास्त चाललेली, पडून राहिल्याने न थांबणारी, उत्तररात्री जाग आणणारी आणि हालचालीने कमी होणारी पाठदुखी असेल तर आम्ही कान टवकारतो. सकाळचा त्रास अर्ध्या तासापेक्षा जास्त टिकत असेल तर अधिकच. कामाने वाढते आणि विश्रांतीने थांबते ती पाठदुखी बहुतेक वेळा निराळी. त्यामुळे मी ‘स्टिफनेस’ विचारतच नाही, ताठरताही नाही. मी विचारते, “उठल्यापासून अंग मोकळं व्हायला किती वेळ लागतो?” शेतावरचे आजोबा असोत की कॉलेजची मुलगी, घड्याळाकडे बघून उत्तर देतात.

जिमखाना:
बरं, आम्लाचं सोडलं. पण ‘पाय भरणं’चं काय? आमच्याकडे सगळे तेच म्हणतात. भरतं ते नक्की काय?

तळपाय:
आखडण्यावरून २००६ आठवलं. मी बारावीत होतो, गाव मराठवाड्यात. ताप तीन-चार दिवसांत गेला, पण पुढे कितीतरी आठवडे सकाळी पेन धरता येत नव्हतं. मूठ वळायची नाही. डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडायचो. गावात त्याला ‘चिकनगुनिया’ म्हणायचे आणि नावात चिकन आहे म्हणून लोकांनी कोंबडी खाणं सोडलं होतं. आमच्या शेजाऱ्यांनी पाळलेल्या कोंबड्या मिळेल त्या भावात विकल्या. पुढे कळलं की शब्द मूळचा टांझानियातल्या माकोंडे लोकांच्या भाषेतला, तिथे १९५२ साली साथ आली होती. अर्थ साधारण ‘वाकवून टाकणारा’ असा. डास चावून होणारं दुखणं, कोंबडीचा काही संबंध नाही. तिथल्या माणसांनी वाकलेला माणूस पाहिला आणि नाव ठेवलं. आपण नाव ऐकून कोंबडी पाहिली.

शुद्धमती:
म्हणूनच ‘चिकुनगुन्या’ असं लिहायला हवं होतं. वर्तमानपत्रांनी ‘चिकन’ छापलं नसतं तर गैरसमज इतका पसरला नसता. प्रमाण शब्दाची काळजी घ्या म्हणतो ती याचसाठी.

पेठकर:
लोक बोलतात तसंच छापलं जाणार. उकार वाढवून कोंबड्या वाचल्या नसत्या.

तळपाय:
शेजारच्या काकूंचं घर त्या अंड्यांवर चालायचं. एका उकाराने काही फरक पडला असता तर तो मला हवा होता.

नाचणी:
निरगुडीताई, सहावा प्रश्न सुटला. ‘अंग मोकळं व्हायला किती वेळ लागतो’ हेच लिहिलं. ओळखीतल्या एका मुलाला, विशीतला आहे, हाच आजार, वाचून दाखवलं. तो लगेच म्हणाला, “आंघोळ करून डबा भरेपर्यंत. पाऊण तास.” ताठरपणाच्या मसुद्यावर त्याने शून्य लिहिलं होतं. पाचव्या आणि सहाव्या प्रश्नाची सरासरी काढतात, म्हणजे एक शब्द न कळल्यामुळे त्याचा आजार कागदावर कमी दिसला असता. कमी दिसला म्हणजे औषधही तसंच ठरलं असतं.

पाचवा मात्र अडलाय. तिथे वेळ नाही, ‘किती’ आहे. आज सकाळी स्वतःकडे नीट लक्ष दिलं. साडेपाचला जाग आली. कुशीवर वळायला गादीची कड दोन्ही हातांनी धरावी लागली. उठले ती अख्खी, ओंडका उभा करतात तशी. भिंतीला हात लावत मोरीपर्यंत गेले. दाराबाहेरची दुधाची पिशवी वाकून उचलता येत नाही, म्हणून कडीला कापडी पिशवी अडकवून ठेवते, दूधवाला त्यात टाकतो. गरम पाण्याचे सात-आठ तांबे मानेवर घेतले तेव्हा मान डावीकडे वळली. चपलेचा पट्टा सव्वासातला लावता आला. उंबरठा, हो, उबेने सुटतं. पण पाठ थिजली असं माझ्या तोंडून येत नाही. पाठ ‘धरलेली’ होती. मान ‘आखडलेली’ होती. पट्टा लागत नव्हता तेव्हा जे होतं त्याला आईने ‘कडक झालीयेस’ म्हटलं. प्रश्नावलीला यांतला एकच घेता येतो.

शुद्धमती:
‘ताठरता’ ठेवा आणि पुढे एका वाक्यात समजावून सांगा: सकाळी सांधे धरल्यासारखे, आखडल्यासारखे वाटणे. शब्द टिकेल आणि माणसालाही कळेल.

कऱ्हाकाठ:
समजावून सांगायला जे वाक्य लागतंय तोच प्रश्न करा की.

वऱ्हाडवाट:
‘धरलं’ आलं ना शेवटी. आता हे सांगा, रात्री झोपेत पोटरीत येते ते काय? आमच्याकडे वांब. बायको नगरची, ती म्हणते पेटका. सासरे म्हणतात गोळा.

जिमखाना:
गोळा वेगळा. चालून चालून येतात ते गोळे, पायांत, दोन्ही. वांब एकदम येतो आणि एकाच पायात.

पेठकर:
आणि पेटका पोटात पण येतो.