लिहायला शिकवणं हे एकट्या भाषा विभागाचं काम आहे का?

ऋतुजा_भूगोल (धागाकर्ती)
शेवटच्या वर्षाचे प्रकल्प तपासताना दरवर्षी तेच खटकतं. मुलांना विषय कळलेला असतो, पण दोन परिच्छेद सलग लिहिता येत नाहीत. दावा कुठला आणि पुरावा कुठला, हे वेगळं काढता येत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीच्या १२० श्रेयांकांपैकी (क्रेडिट्सपैकी) ८ भाषाकौशल्याचे. ते झाले की बाकीचे विभाग हात झटकून मोकळे! पर्जन्यमानाच्या तक्त्यावरून निष्कर्ष कसा मांडायचा, हे इंग्रजीच्या बाईंनी का शिकवायचं? प्रत्येक विभागाने आपापल्या विषयातलं लेखन शिकवायला हवं. अमेरिकेतल्या एमआयटीत लेखन-संवादावर भर देणारे चार विषय घ्यावेच लागतात आणि त्यातले दोन मुख्य विषयातलेच असतात. इंजिनियर घडवणाऱ्या संस्थेला याची गरज वाटते!

ब्युरेट
ठाम विरोध. मी रसायनशास्त्र शिकवतो, तेही तासिका तत्त्वावर. जागा वर्षानुवर्षं रिक्त, वर्गात शंभराच्या आसपास मुलं. एमआयटीत एका शिक्षकामागे किती विद्यार्थी असतात तेही बघा. इथे हे सगळं तपासणार कोण? मुलाला समजलंय का, ते तोंडी परीक्षेत दोन मिनिटांत कळतं.

हेमंत_सोलापूर
ब्युरेट सर, तोंडी परीक्षेत चांगला शिक्षक अर्धं उत्तर मुलाला सुचवतोच. कागदावर मुलगा एकटा असतो. आमच्या बॅचची जर्नलं सीनियरच्या जर्नलवरून छापलेली होती. १०.२, १०.२, १०.३, सगळ्यांची रीडिंग्ज तीच. कॉस्टिक सोड्याचं द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं, म्हणून जुन्या द्रावणाची तीव्रता पुन्हा तपासावी लागते. हे वाक्य मी जर्नलमध्ये उतरवलं होतं. त्याचा अर्थ लागला तो नोकरीत, उत्तर का चुकलं याचा अहवाल लिहायला बसलो तेव्हा.

मराठी_शिकवते
धागाकर्तीशी मी अर्धीच सहमत आहे. विषयशिक्षकांच्या हाती लाल पेन दिलं की ते ऱ्हस्व-दीर्घ तपासत बसतील. लेखन शिकवायचं म्हणजे पहिला खर्डा वाचून ‘इथे तुझं म्हणणं मला कळलं नाही’ असं सांगायचं आणि पुन्हा लिहून घ्यायचं. याचं प्रशिक्षण किती जणांना मिळालंय? शिवाय लिहायचं कुठल्या भाषेत? दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलगी इंग्रजी वाक्य जुळवतानाच थकते आणि शेवटी गाइडमधलं उतरवते. अभ्यासक्रम इंग्रजीतून असला तरी परीक्षेत स्थानिक भाषेत लिहू द्या, असं यूजीसीने २०२३ मध्ये विद्यापीठांना सांगितलं. किती विज्ञान विभागांनी हे मुलांच्या कानावर घातलं?

ऋतुजा_भूगोल
भाषेचं पूर्ण मान्य. पहिला खर्डा मराठीत लिहू दे, मुद्दा तरी स्वतःचा येईल.
ब्युरेट सर, निबंध मी मागतच नाहीये. एका प्रयोगापुरतं ‘थिअरी’ उतरवणं बंद करा आणि त्या जागी अर्धं पान लिहून घ्या : माझं उत्तर अपेक्षेपेक्षा वेगळं का आलं? मुलांनी एकमेकांचं वाचून प्रश्न विचारावेत, मग सुधारून द्यावं. तुम्ही प्रत्येक बॅचमधली पाच-सहा वाचा आणि जे सापडेल ते फळ्यावर मांडा.

ब्युरेट
अर्धं पान चालेल. पण प्रयोगशाळेतच, हाताने, स्वतःच्या रीडिंगवर. घरी दिलं तर चॅटजीपीटी लिहून देईल. माझा विरोध परिपत्रकाला आहे. वरून सक्ती आली की महिन्याभरात त्याचाही छापील नमुना बाजारात येतो आणि कागद नॅकच्या, म्हणजे कॉलेजला दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, फायलीत जातात. गुणांचं काय?

हेमंत_सोलापूर
जर्नलच्या गुणांतलेच दोन काढा ना. नुसत्या उतरवण्याला आज पूर्ण गुण मिळतातच की.

ब्युरेट
दोन गुणांसाठी मुलं लिहितील, यात शंका नाही. पण ती पाच-सहा पानं वाचण्याचा वेळ माझ्या तासिकेत धरलेला नाही. तो धरायचा की नाही हे विभाग ठरवत नाही, आणि त्यावर इथे अजून कुणी बोललेलं नाही.